जागरण सोसत नाही

या सोयरिकीत जानरावाला काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकतो. गावानं आपापल्या ओट्यावर बसून ते तसंही जोडून ठेवलेलंच होतं.

तेल्हाऱ्याच्या कापूस खरेदी केंद्रावर त्या हंगामात बैलगाड्यांची रांग तेल्हाऱ्याबाहेरच्या नाल्यापर्यंत जाई. माणसं गाडीखालीच भाकरी भाजत, गाडीखालीच लवंडत, आणि बैल मालकाचा डोळा चुकवून गाडीतलाच कापूस ओढून खात. नंबर लागला की ग्रेडर मूठभर कापूस काढी, दोन बोटांत ताणून पाही आणि एक शब्द बोले. त्या शब्दावर ठरे, की माल चांगल्या कापसाच्या गंजीवर जाणार की फरदडीच्या, म्हणजे शेवटच्या वेचणीच्या कळकट कापसाच्या. हा शब्द बोलणारा माणूस म्हणजे देवमन. आणि देवमनाच्या एकुलत्या पोरासाठी, गोपालसाठी, जानरावाच्या रंजनाला मागणी आली होती.

म्हणजे जानरावाची गाडी आता नाल्यापाशी उभी राहणार नव्हती. त्याच्या फरदडीला कोणी फरदड म्हणणार नव्हतं. शिवाय गोपाल शेती करत नव्हता. बापानं त्याला चांदूर बाजारला बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधाचं दुकान घालून दिलं होतं. त्या वर्षांत कापूस पिकवणाऱ्या पोराला पोरगी मिळत नव्हती. ज्या औषधानं कापूस वाचत नव्हता ते विकणाऱ्याला मात्र मिळत होती. आणि वर कळस म्हणजे देवमनानं हुंड्याचं नावच काढलं नाही. मास्तरकीच्या परीक्षेत तीनदा आपटलेला पोरगासुद्धा जिथं मोटारसायकल मागत होता, तिथं हा ग्रेडर म्हणाला, "आमाले काही नको, भाऊ. पोरगी फक्त जागसूद पायजे. झोपाळू नको."

वऱ्हाडातला माणूस वांगं स्वस्त मिळालं तरी देठाजवळ कीड पाहतो. जानराव तर चिरून दाखव म्हणणाऱ्यातला. पण या वेळी त्यानं काही पाहिलं नाही. आपल्याच टोपलीत एक किडकं आहे अशी ज्याची खात्री असते, तो दुसऱ्याची टोपली फार हलवत नाही.

जानरावाच्या हिशेबानं ते किडकं वांगं म्हणजे आरती, त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण जयवंता मूर्तिजापूरकडे दिलेली. आरतीला चौथ्या वर्षी पहिली फिट आली, तेव्हा सासरचे म्हणाले, ही मिरगी आमच्या रक्तातली नव्हे, तुझ्याकडून आली. जिकडून आणली तिकडं घेऊन जा. जयवंता माहेरी आली ती पाहुणी म्हणून आणि राहिली ती बिनपगारी. पहाटे शेण, दिवसा निंदण, संध्याकाळी घरादाराच्या भाकरी. जानराव पारावर सांगे, "बहीण सांभाळून राहिलो." कोण कोणाला सांभाळत होतं, ते त्याच्या म्हशींना बरोबर ठाऊक होतं.

आरतीला फिट यायची ती झोपेतच, पहाटेकडे. आधी घशातून घुर्र असा आवाज, मग अंग ताठ, मग झटके. जयवंतानं जुन्या लुगड्याची एक मऊ चिंधी ठेवली होती. रात्री तिचं एक टोक पोरीच्या मनगटाला, दुसरं आपल्या. चिंधीला हिसका बसला की ही जागी. पोरीनं नुसती कूस बदलली तरी जागी. गेली पाच वर्षं त्या बाईनं सलग झोप घेतली नव्हती, पण ते कोणी मोजत नव्हतं, कारण दिवसाच्या कामात त्यानं काही खोट येत नव्हती.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रात्री नवाची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. आणि पोरीची झोप मोडायची नाही. "जागरण झालं की हिचा मेंदू खवळतो. झोप म्हणजे अर्धं औषध समजा," असं बाई म्हणाल्या होत्या. हे घरी सांगितलं तेव्हा जानराव खूश झाला होता. "अर्धं औषध फुकटात हाय तं मग. झोपू दे."

दोन्ही गोष्टी जयवंतानं पाळल्या. फिटा आटोक्यात आल्या. आरती शाळेत जाऊ लागली, पाढे म्हणू लागली, गावातल्या पोरींशी भांडूही लागली. महिना-दोन महिन्यांतून एखाद्या पहाटे घुर्र होई, तेवढंच. ते घराच्या भिंतीत राही, आणि भिंतीपलीकडच्या इनायतुल्लाच्या घरात. इनायतुल्ला गाद्या भरायचा धंदा करी. त्याची बायको शहाजादी आणि जयवंता एकाच नळावर पाणी भरत.

साक्षगंध, म्हणजे साखरपुड्याचं कुंकू, ठरलं सकाळी अकराचं, तेल्हाऱ्याजवळच्या गावात, जानरावाच्या दारात. चांदूर बाजारहून परतवाडा, अकोट करत एसटीनं त्या वेळेला पोचणं होईना, म्हणून वरमंडळी आदल्या दिवशीच मुक्कामाला येणार असं ठरलं. आणि इथं जानरावाच्या घशात घास अडकला.

"पाव्हणे रात्री इथंच झोपतीन," गोदाबाई, त्याची बायको, म्हणाली. "पहाटी पोट्टीनं घुर्र केलं की इहीनबाई उठून पायते. मंग बसा ग्रेडराले समजावत."

इनायतुल्ला तेव्हा पाहुण्यांसाठी भाड्याच्या गाद्या डोक्यावरून उतरवत होता. शहाजादी मागं उशा घेऊन आली होती. ती सरळ म्हणाली, "जयवंता, पोट्टी को लेके मेरे कने आ जा रात को. दीवार के इधर क्या, उधर क्या."

इतका सोपा तोडगा होता. जयवंता लगेच हो म्हणणार, तोच जानराव म्हणाला, "आन रोडगे?"

देवमन हंगामात तेल्हाऱ्यात खोली घेऊन एकटाच राही. दोनदा तो जानरावाकडे जेवून गेला होता आणि दोन्ही वेळा जयवंताच्या हातचे रोडगे त्यानं इतके खाल्ले, की उठताना खांब धरावा लागला. बाकी काही मागितलं नसलं तरी त्यानं एक मागणी मात्र केली होती: साक्षगंधाच्या पंगतीला तेच रोडगे हवेत. शंभर पानांचे रोडगे म्हणजे संध्याकाळपासून कणीक, पहाटेपासून गोवऱ्यांचा विस्तव. जयवंता भिंतीपलीकडं गेली तर ते कोण करणार?

"मैं कर देता, भाऊ," इनायतुल्ला म्हणाला. "गादी से नरम करूंगा."

"तू तुहा कापूस पिंज," जानराव म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "जयवंते, एक सांग. पोट्टीले फिट झोपेतच येते ना?"

"हो."

"जागेपनी कधी आली?"

"नाई आली, दादा."

"मंग झालं ना काम. एक रात झोपूच नका देऊ तिले."

जानराव काही मूर्ख नव्हता. ही त्याची जागलीतली अक्कल होती. थंडीत शेतावर तो रानडुकरांची जागल करी. जागल्याचा डोळा लागला की डुकरं तुरीत शिरतात आणि पहाटेपर्यंत वाफा उलथून टाकतात. डोळा उघडा असला, की बांधावरूनच मागं फिरतात. त्याच्या मते फिट म्हणजे तसंच एक जनावर. झोपलं घर पाहून येतं. सगळा गाव याच हिशेबानं चालत होता, त्यामुळं ते ऐकून ओट्यावर कोणालाही वावगं वाटलं नाही.

"डॉक्टरीणबाईनं जागरण बिलकूल नाई म्हटलं," जयवंता म्हणाली.

"डॉक्टरीणबाईले काय मालूम, आपल्या घरी साक्षगंध हाय म्हनून?"

"आन ते गोळी," गोदाबाईला आठवलं. "ते खाल्ली की पोट्टी मान टाकते. आजची राहू दे. उद्या दोन देजो."

जयवंतानं नाही म्हणून मान हलवली. तेव्हा जानराव जरा मऊ झाला. जानराव मऊ होतो तेव्हा समोरच्यानं आपली पिशवी चाचपून पाहावी असं गावात म्हणतात. "हे पाय, कुंकू लागून जाऊ दे. मंग मी सोता आरतीले अमरावतीले नेतो, मोठ्या डॉक्टरकडे. तिथं मशीन लावून मेंदू पायतात म्हने. मह्यं लेकरू नाई का ते?"

आता जयवंताचाही हिशेब पाहा. एका पारड्यात एक रात्र. दुसऱ्यात अमरावती, शिवाय डोक्यावरचं छप्पर, ज्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं पण जे पहिल्यापासून पारड्यात होतं. तिनं नवाची गोळी पदराच्या गाठीत बांधली. शहाजादी उशा टाकून निघून गेली. जाताना इतकंच म्हणाली, "तेरी मर्जी."

पाहुणे आले. देवमन, त्याची बायको इंदूबाई, गोपाल. गोपाल उंच, गोरा, कमी बोलणारा. पानावर वांग्याची भाजी वाढली तशी इंदूबाईनं हात आडवा धरला. "त्याले तिखट नका वाढू. जिभेले छाला आला हाय." गोदाबाईनं जावयासाठी लगेच दूध-साखर पुढं केली.

जेवणं झाली. जानरावानं पत्त्यांचा जोड काढला होता, गावातली चार मंडळी गप्पांना येऊन बसली होती. देवमन रंगात येऊन सांगत होता, की मूठ ताणल्याबरोबर आपल्याला मालकाचं मन कळतं. तेवढ्यात इंदूबाईनं आतून हाक मारली, "गोपाल, ऊठ. नऊ झाले."

"बसू द्या ना, इहीनबाई," जानराव म्हणाला. "आजच्या दिवस."

"नाई, बाप्पा. आमच्या गोपालले जागरण सोसत नाई."

पोरगा मुकाट्यानं उठला. आईनं बटव्यातून एक गोळी काढून हातावर ठेवली. "पित्ताची हाय." तिनं आपली गादीही आतल्या बायकांत न टाकता पडवीत, पोराच्या गादीला लागून टाकली. म्हणे आत कोंदट होतं. गोदाबाई स्वयंपाकघरात येऊन सांगू लागली, "पोरगा हाय का सोनं. ना पत्ते, ना खर्रा. नवाच्या ठोक्याले अंथरुनात."

म्हणजे भिंतीच्या एका बाजूला एकाला निगुतीनं निजवत होते आणि दुसऱ्या बाजूला, त्याच कारणासाठी, एकीला जागवत होते. आणि दोन्हीकडच्यांना वाटत होतं, की फसवतो आहोत ते आपणच.

आरतीला सुरुवातीला फार मजा वाटली. रोज अंधार पडला की तिला हाताला धरून अंथरुणाकडे नेत. आज तिला लसूण सोलायला दिला होता, गुळाचा खडा दिला होता, रंजनाच्या मेंदीच्या हातांवर फुंकर घालायचं काम दिलं होतं.

"मामी, मी मोठी झाली का?"

"काहून वं?"

"आज मले कोनी झोप म्हनून नाई राहिलं."

रंजना हसली. मेंदीमुळं तिला दुसरं काम नव्हतं, म्हणून पोरीला जागं ठेवायचं काम तिच्याकडं होतं. ती कोडी घालत राहिली. विहीर, कुलूप, चाळणी, सावली. पोरगी उत्तरं देत राहिली, मग चुकीची देऊ लागली, मग नुसतीच तोंडाकडं पाहू लागली. मान कलली की गोदाबाई बोटं तांब्यात बुडवून तोंडावर पाणी उडवी. पहिल्यांदा आरती खदखदून हसली. पुढं रडली. त्याच्यापुढं तिनं रडणंही सोडलं आणि स्वतःच दोन बोटांनी पापण्या वर धरून बसली.

"आई, थोडी निजू दे ना तिले," रंजना म्हणाली.

"तुह्याचसाठी चालून राहिलं हे, रंजने."

परातीवर वाकलेल्या जयवंताचा हात दोनदा पदराच्या गाठीकडं गेला. दोन्ही वेळा तो कणकेनं भरलेला होता. नंतर ती विस्तव घालायला मागं अंगणात गेली.

उजाडलं. फिट आली नाही. जानराव चुलीपाशी येऊन उभा राहिला. त्यानं दोन्ही तळहात उताणे करून बहिणीला दाखवले. म्हणजे, पाह्यलं? आली का?

तिला आता तरी झोपवते, असं जयवंता म्हणाली. पण पाहुण्यांच्या आंघोळी सुरू झाल्या होत्या, घर उठलं होतं, आणि झोप म्हणजे तर फिटीचं दार. ते आता, पाहुणे जागे असताना, कोण उघडणार? आरतीला नवा फ्रॉक घातला. साक्षगंधाचं ताट रंजनापुढं धरायला एक कुमारिका लागते. गोदाबाईनंच तिला उभं केलं. काम हातात असलं की पोट्टी जागी राहील, हा विचार.

अकराला मांडव भरला. कुंकवाचा करंडा, हळद, खारीक-खोबरं, शालू असं ताट घेऊन आरती उभी होती. पुरोहितानं काही म्हणायला सुरुवात केली. पोरीनं क्षणभर डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. मग ताट आधी खाली गेलं आणि मागोमाग ती.

भर दिवसा, उघड्या मांडवात, दोन गावांसमोर अंग धनुष्यासारखं वाकलं. कुंकू सगळं तिच्या फ्रॉकवर. बायका किंचाळल्या नाहीत. एकदम मागं सरकल्या, ते जास्त वाईट. कोणीतरी चप्पल काढली, हुंगवा म्हणून. कोणी कांदा फोडायला धावलं. पुरोहित चमचा घेऊन आला, दातांत घालायला.

तोवर इंदूबाई उठली होती. तिनं चप्पलवाल्याचा हात झटकला. पुरोहिताच्या हातातला चमचा काढून दूर फेकला. पोरीच्या डोक्याखाली आपली घडीची शाल सरकवली, तिला कुशीवर वळवलं, गळ्याशी फ्रॉकचं बटण सैल केलं आणि तोंडातला फेस आपल्या नव्या शालूच्या पदरानं पुसला. हे सगळं तिनं असं केलं, जसं जयवंता रोडगा वळते. बघायची गरज पडत नव्हती.

"धरून नका ठेवू तिले. वारा येऊ द्या." मग तिनं मान वर केली. मागच्या अंगणातून जयवंता राखेच्या हातांनी धावत आली होती. "तुई पोरगी? कालची गोळी देल्ली होती का?"

जयवंताचा राखेचा हात पदराच्या गाठीवर गेला.

"रात्री झोपली होती का हे?"

"नाई."

"काहून जागवलं तिले?" इंदूबाईचा आवाज चढला. "येवढंबी सांगतलं नाई का डॉक्टरनं तुले? जागवलं की येतेच."

आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

मांडवात शंभर माणसांच्या मनात एकाच वेळी बेरीज सुरू झाली होती. नवाचा ठोका. पित्ताची गोळी. जिभेचा छाला. पडवीतली गादी. हुंडा नको. जागसूद पोरगी. गोपाल पाटावरून उठला आणि खांबाकडं तोंड करून उभा राहिला.

झटके थांबले. आरती निपचित पडली, घोरू लागली. तिला उचलून आतल्या खोलीत नेलं. जानराव आणि देवमन एकमेकांकडं पाहत होते. दोन व्यापाऱ्यांनी एकमेकांचं खोटं माप एकाच वेळी धरलं तर दिसतील तसे.

ते दोघं गोठ्यामागं गेले. तिथं काय बोलणं झालं ते गावाला तासाभरात कळलं, कारण पलीकडं इनायतुल्ला तेव्हा गाद्यांचा हिशेब लावत होता आणि मधली भिंत छातीएवढीच होती.

"हे बरं नाई केलं, देवमनभाऊ," जानराव म्हणाला.

"तुमी कोनतं बरं केलं?"

"मह्या पोरीले काही नाई. फिट बहिनीच्या पोरीले येते. तुमच्या तं पोरालेच."

"हो. मोडा मंग." देवमन शांत होता. मूठ ताणून पाहायची त्याला सवयच होती. "मांडव तुमच्या दारात हाय. उद्यापासून लोक आमाले नाई पुसत, तुमाले पुसतीन, का बा काहून मोडलं. आन मिरगीवाल्या घरची पोरगी मंग कोन नेते तेबी पायजा."

जानराव म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

"गाडी कुठसाक आली तुमची?" देवमनानं विचारलं.

"नाल्यापाशीच हाय."

"उद्या आत घ्या."

दोघं बाहेर आले. जानरावानं मांडवात जाहीर केलं, पोरगी सकाळपासून उपाशी होती, पित्त खवळलं, आता बरी आहे. लोकांनी माना हलवल्या. रोडगे तयार होते आणि वास सुटला होता.

त्या गडबडीत गोपाल ओट्याशी येऊन रंजनाला म्हणाला, "मी म्हनलो होतो आईले, सांगून टाक. पोरगी नाई म्हनन तं नाई म्हनन."

"मंग?"

"नाई सांगतलं." जरा थांबून तो म्हणाला, "तुमच्या घरच्याईनंबी लपवलं."

"लपवलं. त्यात मीबी होती," रंजना म्हणाली. "रातभर कोडी मीच घातली तिले."

ती बापाकडं गेली. "बाबा, मले एकदा विचारा तं."

"तुले काय विचारू? पोरगा कालचाच हाय ना? बदलला का? बस पाटावर."

नवं कुंकू आणलं. ताट दुसऱ्या पोरीच्या हातात दिलं. तेवढ्यात आतून जयवंता दारात आली. आरतीला पुन्हा सुरू झालं होतं, आणि या वेळी थांबत नव्हतं.

"दादा, जीप दे. अकोल्याले न्या लागते."

जीप पाहुण्यांना तेल्हाऱ्याला सोडण्यासाठी दारात उभी होती, झेंडूच्या माळा लावलेली. "कुंकू लागू दे," जानराव दबक्या आवाजात म्हणाला. "लागलं की देतो."

इंदूबाई उठली. "मी येते संगं." देवमनानं तिच्याकडं न पाहता म्हटलं, "बस खाली. ओटी भराची हाय." ती बसली. हे लिहून ठेवायला हवं, कारण बाकी सगळ्यांना काही कळत नव्हतं असं म्हणता येतं. तिला कळत होतं.

इनायतुल्लानं गाद्या वाहायच्या तीनचाकीत एक नवी, विकायला ठेवलेली गादी टाकली. शहाजादीनं पोरीला उचललं. जयवंता मांडवाच्या कडेनं गेली आणि राखेच्या हातांनीच मागं बसली. तीनचाकी गावाबाहेर पडली तेव्हा पंगत बसत होती. देवमनानं रोडग्यांची तारीफ केली.

ती तीनचाकी धावून धावून किती धावणार? अकोल्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत झटके काही थांबले नाहीत. तिथं सुई दिली तेव्हा थांबले. डॉक्टरीणबाईनं विचारलं, गोळी चुकली का, जागरण झालं का. जयवंतानं पदराची गाठ सोडून गोळी तिच्या टेबलावर ठेवली. ओल्या कणकेनं ती गाठीला चिकटून बसली होती.

पुढच्या आठवड्यात आरती घरी आली. डावा हात नीट वळेना. बोलताना शब्द शोधावा लागे. फिट आता दिवसाही यायला लागली, तेव्हा मास्तरांनी निरोप धाडला, की घरीच ठेवा, बाकी पोरं भितात. घरी आली त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या मामाला तिनं तुटक तुटक विचारलं, "मामा, मांडवात मी... डोळे मिटले. म्हनून झालं ना?"

जानरावाला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता. तो म्हणाला, "पुढं ध्यान ठेवजो."

जानरावाची गाडी त्या हंगामात रांग सोडून आत गेली आणि त्याची फरदड चांगल्या गंजीवर पडली. पुढच्या हंगामात केंद्र उघडलंच नाही. देवमनाची बदली झाली आणि कापूस खासगी व्यापाऱ्याच्या दारात न्यावा लागला, तिथं जानराव आणि त्याचा गडी एकाच भावानं उभे. म्हणजे जमा झाला तो एक हंगाम. रंजनाचं लग्न ठरल्याप्रमाणं लागलं. निघायच्या आदल्या दिवशी ती आत्याकडं आली आणि तिनं चिंधी कशी बांधायची ते विचारून घेतलं. फार घट्ट नाही, फार सैल नाही. दिवाळीला माहेरी आली तेव्हा ती दिवे लागताच झोपली आणि दुसऱ्या दुपारी उठली. गोदाबाई शेजारणींना सांगत होती, सासरी किती काम असते. चांदूर बाजारात इंदूबाई सांगत असते, सून आल्यापासून मले झोप लागते, बाई. ते खरं असावं. तिचीही कितीतरी वर्षांची बाकी होती.

अमरावतीचं नाव पुन्हा निघालं नाही. जयवंतानंही काढलं नाही. छप्पर तेच आहे, शेण तेच आहे. इनायतुल्लानं त्या गादीचे पैसे कोणाला मागितले नाहीत आणि ती विकलीही नाही. ती आता आरतीखाली असते.

नवाची गोळी ती खाते. मग जयवंता चिंधी बांधते, दिवा बारीक करते, आणि पोरीला झोप म्हणते. पोरगी झोपत नाही. जागली की येतेच, हे डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा सांगतात आणि आई पुन्हा पुन्हा सांगते, पण तिनं मामाचं ऐकलेलं आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती पापण्या वर धरते. डावा हात तेवढं काम करत नाही. म्हणून एकच डोळा उघडा राहतो. त्या एका डोळ्यानं ती स्वतःची जागल करते. या सगळ्या व्यवहारात जिनं कोणाकडं काही मागितलं नव्हतं आणि जिला कोणी काही विचारलं नव्हतं, ती एकटीच अजून त्याची किंमत भरते आहे.